पुस्तकातली रांगोळी

२०२० साली शाळा बंद झाल्या, बँक मात्र चालूच राहिली. घरातला एकुलता एक मोबाईल चिरंजीवांच्या शिक्षणाला अर्पण करून अस्मादिक औशाच्या रस्त्यानं रिकाम्या खिशानं कामावर जाऊ लागले. साहेबांचा फोन आला की चिरंजीव सांगत, "तास चालू आहे."

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन असतो. सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग केला. त्याच डिसेंबरात त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. (हे ऐकून आमच्या कॅशियरचा नोटा मोजणारा हात थांबला.)

एका रविवारी धुण्याभांड्याच्या मावशींची मुलगी पुस्तक घेऊन आली. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. अपूर्णांकांचा चौकोन काही केल्या उघडेना. नीट पाहिलं, तर आतल्या पांढऱ्या जागा पेन्सिलीनं भरलेल्या!

"काका, मला वाटलं रांगोळी हाय. रंगवायला दिली असंल."

चिरंजीव खो खो हसले. मला काही हसू येईना. मी खोडरबर दिलं. तिनं जीव लावून खोडलं, तेव्हा कुठं मोबाईलनं चौकोन ओळखला. मग पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय. चिरंजीव त्याकडे एकटक बघत बसले.

ते थांबेपर्यंत तिनं स्वाध्यायातली तीन गणितं सोडवली होती.