गाणारी आजी आणि गप्प चालणारे आम्ही

जळकोट-अहमदपूरकडच्या माणसाला पायी चालण्याचं अप्रूप नसतं. आषाढात पंढरीच्या दिंड्या, कार्तिकात मन्मथस्वामींच्या दर्शनाला कपिलधारची वाट धरणारी लिंगायत मंडळी. माझ्या सासरचे आप्पा वर्षानुवर्षं त्या वाटेने गेले. त्यामुळे शाळेतल्या सहकारी बाई म्हणाल्या, "आमच्या माहेरची माणसं हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी जातात, येता का ताई?" तेव्हा मी फक्त चपलांचा विचार केला. बाई कॅथलिक, माहेर वैजापूर तालुक्यातलं. मी चर्चमध्ये पाऊल टाकलं होतं ते एका लग्नापुरतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी एक सूचनांचा कागद हातात पडला. फोन बंद करून पिशवीत ठेवा. पुढच्याला ओलांडून जाऊ नका. पहाटेचा पहिला तास कुणी बोलायचं नाही. सोबत एक छोटी वही घ्या. मी कागद दोनदा वाचला. पायी यात्रेला वही? सोबतच्या सिस्टर हसल्या. "पोरी, ही नुसती यात्रा नाही. रिट्रीट आहे. फक्त चालत चालत."

रिट्रीट म्हणजे रोजच्या धबडग्यातून काही दिवस बाजूला होऊन, कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली प्रार्थना आणि चिंतन करणं. एरवी ती एखाद्या आश्रमासारख्या घरात, फाटक लावून होते. तिची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत घालून दिली संत इग्नेशियस लोयोला यांनी. हा मूळचा स्पेनमधला शिपाईगडी. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो जन्मभर लंगडत चालला. तरी आत्मचरित्रात तो स्वतःला 'यात्रेकरू' म्हणवतो. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि त्याने स्थापलेल्या जेसुइट संघात नवशिक्यांना पैसे न घेता महिनाभर पायी यात्रेला धाडायची रीत पडली. हे सगळं सोबतच्या फादरांनी निघताना पाच मिनिटांत सांगितलं आणि ते गप्प झाले. सगळेच गप्प झाले.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. भाद्रपदातली पहाट, दोन्हीकडे कपाशी आणि मका, रस्त्याच्या कडेला काळा चिखल आणि पन्नासेक माणसांच्या पावलांचा आवाज. आमच्याकडे चालायचं म्हणजे टाळ, मृदंग, भजन. शब्दांच्या लाटेवर पाय आपोआप पडतात. इथे आधाराला काहीच नव्हतं. थोड्याच वेळात माझ्या डोक्यात न तपासलेल्या वह्या, विम्याचा हप्ता, जावेशी झालेली तीन वर्षांपूर्वीची बोलाचाली असं सगळं एकदम बोलायला लागलं. देवाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

तासाने थांबलो. आता प्रवचन होईल म्हणून मी पदर सावरून बसले. फादरांनी एकच प्रश्न विचारला : "गेल्या आठवड्यात कोणाला पाहून तुम्ही रस्ता बदललात?" एवढं म्हणून ते चहाच्या किटलीकडे गेले. मी वाट पाहत राहिले. पुढे काय? उत्तर? दृष्टान्त? बाकीचे वहीत लिहू लागले होते. बाईंनी कानाशी सांगितलं, "तेवढंच असतं. बाकीचं ज्याचं त्याने." मला जाऊ आठवली. वही मी उघडलीच नाही.

आम्ही निघालो त्या घोगरगाव परिसरात कॅथलिक वस्ती शंभर वर्षांहून जुनी. फादर गुरियन जाकियर या फ्रेंच मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे मिशन उभं केलं. लोक त्यांना जाकियरबाबा म्हणत. आजही गावोगावच्या घरांत त्यांचं नाव आजोबाचं घ्यावं तसं घेतात. वाटेतल्या वस्त्यांवर पोहे, चहा, पाय धुवायला गरम पाणी तयार होतं. "जय ख्रिस्त" म्हणत माणसं हात जोडत, आणि मी गडबडीने "नमस्कार" म्हणून जाई. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मौनाचा तास संपला की जपमाळ. जपताना येशू-मारियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर चिंतन करायचं, त्या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. शुक्रवार होता म्हणून दुःखाची रहस्यं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी पुन्हा दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडलेली. दहा-दहा मण्यांचे पाच गट, प्रत्येक मण्याला 'नमो मरिये'. इष्टलिंगाला हात लावून जप करणाऱ्या घरातली मी, मणी मोजणं मला परकं नव्हतं. पण चिखलातून पाय उपसताना माझा मणी आणि त्यांचं रहस्य कधीच जुळलं नाही.

गोदावरीच्या पुलावर फादर म्हणाले, "आता आपण धर्मप्रांत बदलला." धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग. अलीकडचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 सालचा, माझा लातूर जिल्हाही त्यातच येतो. पलीकडचा नाशिक धर्मप्रांत 1987 चा. एका बाईने कठड्यावरून पाण्यात नाणं टाकलं आणि त्याच हाताने क्रूसाची खूण केली. मी फादरांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं आणि ते काही बोलले नाहीत.

दुपारी एका लिंबाखाली दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. फादर एकीत बसले. बाकीचे दूर, आवाज पोहोचणार नाही इतक्या अंतरावर रांगेने. हे कन्फेशन, प्रायश्चित्त संस्कार. मी सिस्टरांना विचारलं, मला चालेल का? त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं : बाप्तिस्मा झालेला नसेल तर हा संस्कार नाही, पण बसून बोलायचं असेल तर फादर ऐकतील. मिस्सातही, म्हणजे सामूहिक उपासनेतही, तसंच. ख्रिस्तप्रसाद मला मिळणार नव्हता. छातीवर हात दुमडून पुढे गेले तर आशीर्वाद मिळेल. हा स्पष्टपणा मला आवडला. कुठवर आत आणि कुठे उंबरठा हे कळलं की परक्या घरात बसणं सोपं जातं. मी खुर्चीत बसले, जावेचं सांगितलं. फादर म्हणाले, "ती तुमच्या घरापासून किती लांब राहते?" एक गल्ली सोडून, मी म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "हरेगावपेक्षा जवळ आहे."

आमच्यात एक आजी होती. दरवर्षी नवसाने येणारी, अनवाणी. मौन तिला मानवत नव्हतं. "गानं म्हनल्याबिगर माझा पाय उचलत न्हाई," असं तिने फादरांना पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. मौनाच्या तासात ती सगळ्यांच्या मागे राहून खालच्या आवाजात मारियेची गीतं म्हणायची. सिस्टरांनी एकदा ओठांवर बोट ठेवून पाहिलं, मग सोडून दिलं. मला वाटतं, या वाटेचं खरं रूप त्या दोघींमध्ये होतं. रिट्रीट इग्नेशियसकडून आली, वारी इथल्या मातीतून. दोन्ही एकाच रस्त्याने चालतात आणि एकमेकींना थोड्या टोचतात.

हरेगाव जवळ आलं तसं मौन आपोआप संपलं. बेलापूर कंपनीच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याचं हे गाव. 8 सप्टेंबर हा मारियेचा, म्हणजेच मतमाउलीचा, जन्मदिवस. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी इथे संत तेरेजा चर्चच्या परिसरात लाखोंची गर्दी होते, मुंबईत वांद्र्याला याच सुमारास होते तशी. पाळणे, बांगड्या, भजी, लाउडस्पीकर. लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप आणि मेणबत्त्यांचे जुडगे घेतलेल्या बाया. टेम्पो, जीप भरभरून माणसं उतरत होती. मला क्षणभर राग आला, की इतक्या शांततेनंतर हा गलका कशाला. फादरांनी तेवढ्यात जाहीर केलं, "रिट्रीट संपली. आता यात्रा करा. भजी चांगली मिळतात."

आजी मेणबत्ती लावून आली, माझ्या पायांचे फोड पाहिले आणि शेजारी टेकली. "पुढच्या साली माझ्याबरोबर ये, गान्यावाल्यांत," ती म्हणाली. "गप चालनारे उशिरा पोचत्यात, अन् त्यांना जेवन गार भेटतं."