डॅन्यूबचं खातं

माणसं पैसे भरून नदीवर राहायला का जातात, हे मला बुडापेस्टला जहाजावर पाय ठेवीपर्यंत उमगलं नव्हतं. आम्ही सांगलीकर. आमच्याकडे नदीच माणसांच्या भेटीला येते. जुलै-ऑगस्टात येते आणि आली की पुढच्या दारातून थेट माजघरात जाऊन बसते. पण आमच्या हिने एक मुदत ठेव पंधरा वर्षं जपली होती. गावभागातलं घर विकायचं आणि विश्रामबागेकडे उंचावर फ्लॅट घ्यायचा, त्याची ती पहिली रक्कम. ठेव पिकेपर्यंत फ्लॅटचे भाव अशा उंचीवर गेले, की तिथवर कृष्णामाईच काय, आमचं कर्जप्रकरणही पोचेना.

"मग निदान जग तरी बघून घेऊ," ती म्हणाली. बी.कॉम. झालेल्या माणसाने अशा वाक्याला उत्तर देऊ नये.

बुडापेस्ट म्हणजे एका काठावर डोंगराळ बुडा आणि दुसऱ्या काठावर सपाट पेस्ट. ओबुडा धरून तिघांचं १८७३ साली विलीनीकरण झालं. विलीनीकरण आमच्याही बँकेचं झालं आहे. फरक इतकाच, की त्यांनी नावं जोडून घेतली आणि आमची पाटीच उतरली. नदीचं नाव मात्र इथे दर देशात बदलतं. हंगेरीत दुना, स्लोव्हाकियात दुनाय, ऑस्ट्रिया-जर्मनीत डोनाउ. आमच्या शाखेत असल्या बाईचं खातं उघडलं नसतं. "तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा," म्हणून परत पाठवली असती.

जगातल्या बहुतेक नद्यांचे किलोमीटर उगमापासून मोजत असतील अशी माझी समजूत. डॅन्यूबचे मुखापासून मोजतात. काळ्या समुद्रावर, रुमानियातल्या सुलिनाला, शून्य. बुडापेस्टला सुमारे १६४७, व्हिएन्नाला १९२९, पासाउला २२२६. आम्ही प्रवाहाच्या उलट चाललो होतो, त्यामुळे काठावरचा आकडा रोज वाढे. साऱ्या सहलीत आमची वाढणारी शिल्लक ती तेवढीच.

व्हिएन्नाबद्दल सगळ्यांनीच लिहिलं आहे, तेव्हा मी माफ करतो. स्ट्राउसने १८६७ साली 'निळ्या डॅन्यूब'चा वॉल्ट्झ केला, पण आम्ही गेलो तेव्हा नदी दुधाच्या चहाच्या रंगाची होती. पुढे वाटेत धरणं लागतात. तिथे जहाज एका लांबोळक्या हौदात घेतात, मागचं दार लावतात आणि पाणी भरून सगळं जहाज वर उचलतात. हे सहसा रात्री चालतं. नदीकाठच्या दृश्यासाठी जादा पैसे भरलेल्या आमच्या खिडकीतून तासभर शुद्ध काँक्रीट दिसत होतं. ही भडंगाचा डबा उघडून ते शांतपणे बघत बसली.

ड्युर्नस्टाइन हे गाव मात्र प्रत्येक बँकवाल्याने बघावं. गाव मूठभर, भोवती द्राक्षाचे मळे, दुकानादुकानांत जर्दाळूचा मुरंबा, आणि डोक्यावर किल्ल्याचे पडके अवशेष. धर्मयुद्धावरून परतणारा इंग्लंडचा सिंहहृदयी रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ सापडला आणि ड्यूक पाचव्या लिओपोल्डने त्याला इथे डांबला. पुढे हे तारण त्याने सम्राट सहाव्या हेन्रीकडे वर्ग केलं. दीड लाख मार्क चांदी ठरली. त्यासाठी इंग्लंडात लोकांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा वसूल झाला, देवळांतली चांदीही गेली. एक लाख जमा झाल्यावर ११९४ च्या फेब्रुवारीत राजा सुटला. बाकी येणेच राहिली म्हणतात. लिओपोल्डने आपल्या वाट्यातून व्हिएन्नाचा तट वाढवला, नवं गाव वसवलं, आणि तिथली टांकसाळ आजही आपला जन्म त्याच चांदीतून सांगते. इतकं चोख वसुलीचं प्रकरण माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर आलेलं नाही.

"आणि राजाची बायको?" हिने विचारलं. वसुलीच्या कागदांत हा रकाना नसतो.

शेवटचं गाव जर्मनीतलं पासाउ. तिथे तीन नद्या मिळतात. आल्प्समधून येणारी हिरवट इन, रानातून येणारी काळसर इल्झ, आणि डॅन्यूब. इनचं पाणी सरासरीने डॅन्यूबपेक्षा जास्त, पण संगमानंतर नाव डॅन्यूबचंच चालतं. "म्हणजे इथेही तसंच," ही म्हणाली. हरिपूरला वारणेचं काय होतं हे तिला ठाऊक आहे.

नदीला लागूनच जुना टाउन हॉल आहे. त्याच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. १९५४ ची कुठल्या कुठे वर. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२ मीटर ८९ सेंटीमीटर चढलं. १५०१ नंतर इतकं कधी चढलं नव्हतं. त्या रेघांच्या खाली माणसं खुर्च्या टाकून कॉफी पीत होती.

आमच्या घरीही रेघा होत्या. दाराच्या चौकटीवर आप्पांनी पेन्सिलीने २००५ ची मारली होती, सव्वा फुटावर. २०१९ ची पाच फूट दोन इंचांवर. ती मारताना त्यांचा हात कापत होता, म्हणून रेघ जरा तिरकी गेली. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा रेघ मारायला आप्पा नव्हते. त्याच दिवाळीत हिने चौकटीला चॉकलेटी ऑइलपेंट काढून घेतला. "घर आहे का पाणी मोजायची पट्टी?" मी काही बोललो नाही. पाच फूट दोन इंच चिखल तिनेच उपसला होता.

आता ती त्या भिंतीपुढे मान वर करून उभी होती. गटातली मंडळी फोटो काढून पुढे गेली, गाइडबाईंनी छत्री हलवली, तरी ही हलेना.

"हे लोक इथेच राहतात?"

"राहतात की. बघ, वर पडदे आहेत."

"आणि रेघ पुसत नाहीत."

"कोरलेली आहे. पुसणार कशी?"

बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "२०२१ चं दिवाणाच्या गादीला खालून लागलं होतं. गादी वर टाकायला मला उशीर झाला, म्हणून लक्षात आहे. दिवाण किती उंच आहे हो आपला?"

"दीड फूट."

"नक्की? का अंदाजे?"

"घरी जाऊन टेप लावू."

"लावा," म्हणाली. "आणि आप्पांच्या दोन्ही तुम्हाला इंचासकट पाठ आहेत ना? मग लिहा कुठेतरी आत्ताच. तुमच्या वयाचा आता भरवसा नाही."

मी खिशातून जहाजावरच्या कॉफीचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर तीन सालं एकाखाली एक लिहिली. फ्लॅटचं विचारावंसं वाटलं, पण गाइडबाईंची छत्री तोवर वळणाआड गेली होती.