दोष बॅटरीचा नव्हता

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आजचा धडा पुस्तकातला नाही. माझ्या जुन्या गाडीतला आहे.

मी पालघरला राहतो, शाळा बोईसरच्या बाजूला. गाडी २००३ ची मारुती ८००. लोकल चुकली की उमरोळीवरून हीच कामाला येते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी चावी फिरवली, तर नुसतं 'टक्' झालं. शेजाऱ्यांनी धक्का मारून दिला, कशीबशी शाळा गाठली. संध्याकाळी सरळ दुकानात जाऊन नवी बॅटरी आणली. जुनी साडेतीन वर्षांची, म्हणजे गेलीच असणार, असं मीच ठरवून टाकलं. मोजून मात्र काही बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी नव्या बॅटरीनेही तेच 'टक्'. त्या दिवशी घटक चाचणीचे पेपर माझ्या पिशवीत होते आणि मुलं वर्गात वाट बघत होती.

कसातरी बोईसरच्या एका गॅरेजवाल्या दादांकडे गाडी पोचवली. म्हटलं, "नवी बॅटरी पण डुप्लिकेट निघाली वाटतं."

ते म्हणाले, "सर, बॅटरीला एवढ्यात नापास करू नका. आधी मोजू या."

इथे जरा थांबू या. बॅटरी वीज साठवते. गाडीसाठी वीज तयार करतो तो अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने वीज बनते. आपण दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवतो ना, तेच. म्हणजे बॅटरी हा माठ आणि अल्टरनेटर हा नळ. माठ रिकामा दिसला म्हणून मी माठच बदलला होता. नळाचं पाणी माठात पडतंय का, हे बघितलंच नव्हतं.

दादांनी मल्टिमीटर काढला. त्यांनी घेतलेली मापं तुम्हालाही घेता येतील :

१) इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. माझी ११.९.

मग दुसऱ्या बॅटरीची वायर लावून गाडी सुरू केली. गंमत म्हणजे काळी वायर माझ्या बॅटरीला न लावता थेट इंजिनाच्या धातूला लावली. गाडी झटक्यात सुरू! दादा हसले. मला तेव्हा काही कळलं नाही.

२) इंजिन चालू, हेडलाईट आणि पंखा चालू. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. माझ्याकडे १३.१.

"म्हणजे अल्टरनेटर गेला!" मी लगेच निदान केलं. दादांनी मान हलवली.

३) मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टला, काळी त्याच्या अंगाला. १४.३! नळ चांगला चालू होता.

४) आता एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या अंगाला. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, फार तर ०.२. आलं १.१.

बॅटरी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची वायर! चिंचणी-तारापूरची खारी हवा आणि आपला पाऊस. बोल्टखाली पांढरं-हिरवं कीट जमलं होतं. वरून वायर धडधाकट दिसत होती. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही गाडी सुरू झाल्यावर विझायचा, म्हणून मी निश्चिंत. वीज तयार होत होती, पण पूर्ण पोचत नव्हती. जिथे १९६९ पासून अणुवीज बनते, त्या तारापूरच्या शेजारी माझी १२ व्होल्टची बॅटरी उपाशी होती!

दादांनी आधी बॅटरीची ऋण वायर सोडवली, जोड पॉलिश पेपरने घासला, वायरचं टोक नवं लावलं, आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं : १४.१.

मला खरं तर लाज वाटली. इतकी वर्षं ओहमचा नियम शिकवतोय. जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम असला, तरी २० अँपिअर धारा जाताना १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. हे गणित मी फळ्यावर डोळे मिटून सोडवतो, पण स्वतःच्या गाडीत मला ते दिसलं नाही.

(एक सूचना : चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'गाडी बंद पडते का' बघायची जुनी युक्ती करू नका. व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.)

दुपारी शाळेत पेपर तपासायला बसलो. एका मुलाचा पेपर जवळजवळ कोरा. जुलैत त्याच्या वहीवर मी लाल पेनाने लिहिलं होतं, "अभ्यास करत नाही. लक्ष नाही." आता तोच शेरा पुन्हा लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. मी काय मोजलं होतं? फक्त पहिलं माप.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "शाळा सुटल्यावर काय करतोस रे?" आधी गप्प. मग म्हणाला, "बाबा तिसऱ्या पाळीला असतात सर, एमआयडीसीत. दुपारी झोपतात. खोली एकच. दिवा नको, आवाज नको. मी बाहेर ओट्यावर बसतो."

मुलगा ठीक. शिकवणंही बरं चाललेलं. मधला जोड मात्र कोणी तपासला नव्हता. दोष त्याच्या बाबांचाही नाही. रात्रभर उभं राहिलेला माणूस दिवसा झोपणारच.

आता शाळा सुटल्यावर तो तासभर आमच्या वाचनालयात बसतो. त्याच्यासोबत आणखी दोघं येतात. पुढच्या चाचणीत त्याला २० पैकी ११ मिळाले. फार नाहीत. पण गेल्या वेळी ३ होते.

पालकांनो, प्रगतिपुस्तक हेही पहिलंच माप असतं. तिथेच थांबू नका.

वहीवरचा तो लाल शेरा मी त्याच्यासमोर खोडला. खाली लिहिलं, "सरांनी नीट तपासलं नव्हतं."