मागचा बार

नाशिकच्या सातपूरमधल्या कामगार वस्तीत वाढलेल्या मुलांना गाड्यांचे सुटे भाग आधी दिसायचे आणि गाड्या नंतर. घरातलं कुणी महिंद्राच्या पहिल्या शिफ्टला जायचं, शेजारचं कुणी मायकोच्या कारखान्यात असायचं, आणि रात्री जेवताना बोलणं निघायचं ते बोअरचं, टॉलरन्सचं, रिजेक्शनचं. अशाच एका घरातला मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. इंजिनाचं त्याला कधीच फारसं वेड नव्हतं. त्याचं लक्ष लागलं ते गाडीच्या पोटाखालच्या एका वाकवलेल्या पोलादी कांबेकडे. पुस्तकात तिला अँटी-रोल बार म्हणतात, हौशी लोक स्वे बार म्हणतात, आणि नाशिकच्या गॅरेजमध्ये ती बॅलन्स रॉड म्हणूनच ओळखली जाते.

पहिली गाठ पडली ती मामाच्या मारुती 800 मुळे. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी दिल्लीत रस्त्यावर आली आणि काही वर्षांत नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून पंचवटीपर्यंत जिकडेतिकडे दिसू लागली. मामाच्या गाडीला ब्रेक दाबला की पुढून ‘खट्’ असा आवाज यायचा. मिस्त्रीनं गाडी पिटावर घेतली, लोअर आर्मपाशी टॉमी घालून जोर दिला आणि रॉडचं टोक रबराच्या आत हललेलं पोराला दाखवलं. रबराचा तो बुश काढून हातावर ठेवला, तर त्याचं गोल भोक झिजून लांबट झालेलं. “हा रॉड नुसता बॅलन्सचा नाही रे. चाक पुढे-मागे सरकू नये म्हणून आर्मला धरतो पण हाच,” मिस्त्री म्हणाला. एकाच कांबेकडून दोन कामं काढून घेण्याची ही हिकमत जुनी आहे. अर्ल मॅकफर्सननं आखलेलं सस्पेन्शन 1950 मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला बसलं, तेव्हाही पुढच्या बारवर हे दुसरं ओझं होतं.

बारचं मुख्य काम मात्र वेगळं. इंग्रजी यू अक्षरासारखी ती कांब डाव्या आणि उजव्या चाकाला जोडते. स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर ती आपल्या बुशांत नुसती फिरते, गाडीला तिचा पत्ताही लागत नाही. वळणावर गाडी बाहेर कलली की एक चाक बॉडीजवळ येतं, दुसरं लांब जातं, आणि ओला टॉवेल पिळताना मुठी उलट फिराव्यात तशी ती कांब पिळली जाते. त्या पिळाला ती जो विरोध करते तेवढी गाडी कमी कलते. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी 1919 मध्ये याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षांत मूळ कल्पनेत बदलण्यासारखं फार काही कुणाला सापडलेलं नाही.

सातपूरच्याच आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड करताना त्याला त्या कांबेचं गणित कळलं, आणि ते त्याच्या मनात घर करून राहिलं. गोल दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे 16 मिलिमीटरच्या जागी 19 चा दांडा घातला, तर जाडी वाढली तीन मिलिमीटर आणि कडकपणा जवळजवळ दुप्पट. 22 चा घातला तर साडेतीनपट. पोकळ दांड्याची गोष्ट आणखी नवलाची. 22 च्या दांड्यातून मधला 16 मिलिमीटरचा गाभा काढून टाकला, तर वजन निम्म्याहून खाली येतं, पण कडकपणा सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहतो, कारण पिळाचा भार बाहेरचं कातडंच पेलत असतं. साधं पोलाद आणि स्प्रिंगचं पोलाद यांचा कडकपणा जवळपास सारखाच असतो, हे तर अनेक जुन्या फिटरनाही खरं वाटत नाही. फरक पडतो तो सहनशक्तीत. साधी कांब एका मर्यादेनंतर वाकडीच राहते. उष्णतेचे संस्कार केलेली स्प्रिंगची कांब पुन्हा जागेवर येते. म्हणून भंगारातला दांडा गॅसवर तापवून वाकवणं आणि त्याला बार म्हणणं हे अंबडमधल्या कुठल्याही हीट ट्रीटमेंटवाल्याला पटणार नाही, आणि पटूही नये.

तरुणपणी त्यानं रॅल्याही पाहिल्या. नाशिकच्या ‘विसा’ या संस्थेची रॅली ऑफ महाराष्ट्र म्हणजे जिप्सी आणि एस्टीमचा धुरळा. तिथल्या सर्व्हिस पार्कच्या दोरीबाहेर उभं राहून ऐकलेलं एक वाक्य त्याला पुढे फार उपयोगी पडलं: खडी-मातीवर बार सैल बरा. खड्ड्यात गेलेल्या चाकाला दुसऱ्या चाकापासून मोकळीक हवी असते, आणि बार नेमकी तीच काढून घेतो.

मग आली लोगान. रुमानियात डाचियानं 2004 मध्ये काढलेली ही साधी, मजबूत गाडी महिंद्रा-रेनोनं एप्रिल 2007 मध्ये भारतात आणली आणि ती बनत होती नाशिकमध्येच. 2010 मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली, पुढच्या वर्षी गाडीचं नाव व्हेरिटो झालं. त्यानं डिझेल लोगान घेतली आणि अजून ठेवली आहे. आपल्याच गावात तयार झालेली गाडी म्हणून त्याला तिचा अभिमान आहे, आणि तो अगदी रास्त आहे. 2630 मिलिमीटरचा व्हीलबेस, 172 चा ग्राउंड क्लिअरन्स, खराब रस्ता गिळून टाकणारं मऊ सस्पेन्शन. सुरगाण्याकडच्या रस्त्यांवर तिच्यासारखी गाडी नाही, असं तो सांगतो.

नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढताना मात्र तोच मऊपणा वेगळा वाटतो. पाच माणसं, डिकीत सामान, उंच बॉडी. वळणावर गाडी कलते, पुढचे टायर कुरकुरतात आणि नाक वळणाच्या बाहेर जाऊ पाहतं. स्टिअरिंग आणखी फिरवावं लागतं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांचा हा स्वभाव आहे, आणि कंपन्या तो जाणूनबुजून ठेवतात, कारण घाबरलेला माणूस पाय सोडतो तेव्हा अशी गाडी सावरणं सोपं जातं.

यावर त्यानं काढलेला उपाय म्हणजे मागे वेगळा बार लावणं. पण बार मागे लावून पुढचं नाक कसं सुधारतं? वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती भार जाणार हे वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी ठरवतात. बारमुळे ते जवळपास बदलत नाही. त्यातला किती पुढे आणि किती मागे, एवढी वाटणी बार बदलतो. टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून ज्या बाजूला ही अदलाबदल जास्त, तिथली पकड घटते. मागे बार कडक केला की मागची पकड थोडी कमी होते आणि पुढची थोडी वाढते. पकड कुणी नव्यानं निर्माण करत नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूनं अमेरिकेत घडली होती. 1960 च्या शेव्हर्ले कॉरव्हेअरचं इंजिन मागे होतं आणि वळणावर मागचा भाग सुटण्याचा धोका होता. खर्च वाचवायला पुढचा स्टॅबिलायझर बार वगळलेला. 1964 च्या मॉडेलपासून तो सगळ्या गाड्यांना देण्यात आला. पुढच्या वर्षी राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकानं हा सगळा हिशोब लोकांपुढे मांडला. एका कांबेची किंमत माणसांच्या जिवाशी कशी लागते, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण.

लोगानच्या मागे दोन चाकांच्या मध्ये एच आकाराचा टॉर्शन बीम आहे. तो स्वतःच पिळला जातो, म्हणजे बारचं थोडं काम मुळातच करतो. वेगळा बार लावायचा तर त्याची टोकं बीमच्या दोन्ही बाहूंना क्लॅम्पनं आवळतात, म्हणजे बीमबरोबर तोही पिळला जातो. पण त्याआधी त्यानं मागचे शॉकअप, बीमचे बुश आणि चारही टायर बदलून घेतले. थकलेल्या रबरावर नवा बार चढवणाऱ्यांचा त्याला मनापासून राग येतो.

बसवण्याच्या दिवशी गॅरेजवाल्या पोरानं गाडी जॅकवर उचलायला घेतली, तेव्हा त्यानं थांबवलं. “भाऊ, चाकं लोंबती ठेवून आवळू नकोस. पिटावर घे, वजन चाकांवर राहू दे.” लोंबत्या बीमवर आवळलेला बार गाडी खाली आल्यावर कायमचा ताणात राहू शकतो. बीमला ड्रिल लावायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. जो भाग पिळण्यासाठीच बनवलाय त्याला पडलेलं भोक किंवा टाका म्हणजे उद्याची चीर. हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप मोकळा आहे का, हे त्यानं स्वतः बोट फिरवून पाहिलं. नायलॉक नट टॉर्क रेंचनं आवळले, गाडी थोडी चालवून आणल्यावर पुन्हा तपासले. 22 चा बार दुकानात होता. त्यानं 16 चाच घेतला.

फरक लगेच कळला. नांदुरीच्या घाटात गाडी कमी कलली, नाक सांगितल्या ठिकाणी गेलं, मागच्या सीटवरच्या आईला ओकारी आली नाही. त्याची किंमतही दिसली. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की धक्का आता दुसऱ्या बाजूलाही पोचतो. पावसाळ्यात मागचे टायर गुळगुळीत असतील आणि वळणाच्या मध्यात कुणी अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला, तर मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. बार जितका जाड तितका हा धोका मोठा. मुंबईच्या वाटेवर इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि आठेक किलोमीटरच्या बोगद्यानं कसाऱ्याची वळणं टाळता येऊ लागली. तरी जुन्या घाटात धुकं आणि ओलं डांबर आहेच.

कायद्याची बाजूही त्यानं डावलली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे अधोरेखित केलं. आरसीच्या रकान्यांत सस्पेन्शनचा उल्लेख नसतो, एवढ्यावर विसंबणं बरं नाही असं त्याचं मत आहे. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते. तिथे आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारून घ्यावं, असं तो प्रत्येकाला सांगतो.

सिडकोतला एक तरुण मध्यंतरी त्याच्याकडे आला. जुनी व्हेरिटो, मागचे टायर घासलेले, आणि हवा होता सगळ्यात जाड बार. त्यानं त्या पोराला गाडीखाली नेलं, टॉमीनं बीमचा बुश हलवून दाखवला आणि कागदावर क्रम लिहून दिला: टायर, बुश, शॉकअप, अलाइनमेंट. बारची ओळ त्यानं लिहिलीच नाही. पोरगा जरा नाराज झाला, पण दुसऱ्याच आठवड्यात नवे टायर घालून अलाइनमेंटला उभा होता.