चूल कुठे जाणार?

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यात स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की बोलणं ग्रॅनाइटच्या रंगापासून सुरू होतं. काळा घ्यायचा की तपकिरी, टाइल्स छतापर्यंत न्यायच्या की ओट्याच्या वर दोन फुटांवर थांबवायच्या, ट्रॉल्या स्टीलच्या की प्लायच्या. घरातले पुरुष बैठकीत असतात, गोंदियात नाहीतर नागपुरात नोकरी करणारा मुलगा मोबाइलमधले फोटो दाखवतो. मी स्थापत्य अभियंता आहे. गोंदिया-तिरोडा भागात जुनी घरं दुरुस्त करण्याचं काम करते आणि त्यातही स्वयंपाकघर हा माझ्या खास जिव्हाळ्याचा विषय. रंगाची चर्चा रंगात आली की मी विचारते, "चूल कुठे जाणार?" उत्तर ठरलेलं असतं: "आता गॅस आहे ना मॅडम, चूल कशाला?" हे उत्तर देणारा सहसा स्वयंपाक करणारा नसतो. मधल्या दाराशी उभी असलेली बाई मात्र हळूच म्हणते, "मंग चूल कोठी ठेवाची जी?"

आमच्याकडच्या स्वयंपाकघरांचा खर्च या एका प्रश्नावर फसतो, असं माझं ठाम मत आहे. टाइल्स महाग पडल्या म्हणून नव्हे, मिस्त्री चुकला म्हणूनही नव्हे. चूल नकाशातून पुसली जाते आणि घरातून जात नाही, म्हणून.

धानाच्या गावात चूल का टिकून आहे, ते नीट पाहिलं पाहिजे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि ज्या घरांत कधी सिलिंडर आला नव्हता तिथेही तो आला. चहा, सकाळची भाजी, पाहुण्यांसाठीचं पटकन काही, हे गॅसवर गेलं. पण पौषातल्या थंडीत सगळ्या घराच्या अंघोळीचं पाणी, जनावरांसाठी शिजवायचं खाणं, सणावाराला मोठ्या गंजातला भात, हे चुलीवरच राहिलं. शेताच्या बांधावरची काटकी-कुटकी फुकट असते आणि सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. ज्या घरात रोख पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, तिथला हा हिशेब अगदी बरोबर आहे. त्याला मागासलेपणा म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी एकदा पहाटे पाच वाजता आठ माणसांचं पाणी गॅसवर तापवून पाहावं आणि महिन्याचा आकडा मांडावा.

मग होतं काय? नवं स्वयंपाकघर तयार होतं, ओटा चकाकतो. दोन महिन्यांनी मागच्या सांदवाडीत चार बल्ल्या उभ्या राहतात, वर टिनाचे पत्रे पडतात आणि त्याखाली चूल मांडली जाते. हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात नसतो. पाऊस तिरपा आला की तिथे उभं राहवत नाही, उन्हाळ्यात पत्रा तापतो, आणि धूर वाऱ्याबरोबर नव्या खोलीच्या खिडकीतून आत शिरतो. बाई दिवसभर नव्या ओट्यापासून पत्र्याच्या छपरीपर्यंत आणि परत अशा खेपा घालते. स्वयंपाकघरं झाली दोन, आणि दोन्ही अपुरी.

धुराचं गणित तर छपराबरोबर बदललं आहे. जुन्या घराला मातीच्या भिंती, लाकडी मयाली आणि वर कवेलू असत. कवेलूंच्या फटींतून धूर सावकाश निघून जाई. जाता जाता बांबूवर आणि लाकडावर काजळीचा थर चढवी आणि त्या थरामुळे कीड लागत नसे. ते घर छपरातून श्वास घेत होतं. त्याच खोलीवर आपण स्लॅब टाकतो आणि धुराची वाट बंद करतो, चूल मात्र तीच. स्लॅबच्या खोलीत चूल पेटवली की धूर छताखाली साचतो आणि खाली उतरत बाईच्या तोंडापर्यंत येतो. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असं जागतिक आरोग्य संघटनेचं अनुमान आहे. हा आकडा वाचून लोक चूल काढून टाका म्हणतात. मी म्हणते, ती निघेपर्यंत तिला धुराडं द्या.

यात नवं काही नाही. आपल्याच विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास 'मगन चूल' घडवली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत. मातीची चूल, एकाच आगीवर एकाहून जास्त भांडी, आणि धूर बाहेर नेणारं धुराडं, इतकी साधी रचना. पुढे १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर लाखो चुली बसवल्या. त्यांतल्या पुष्कळ बंद पडल्या, कारण चुलीचं तोंड घरातल्या गंजाला बसेना, आणि पाइपात साचलेली काजळी कोणी कशी काढायची, हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी चूल करते तेव्हा आधी घरातलं सगळ्यात मोठं गंज मागवते आणि त्याच्या बुडाच्या मापाने तोंड ठेवते. पाइप चार इंची घेते, वळणावर काढता येईल असं झाकण लावते आणि टोक छपराच्या वर दोन-तीन फूट नेते. पाइप, झाकण आणि मातीकाम मिळून जेवढा खर्च येतो, तेवढा पुष्कळदा ग्रॅनाइटच्या कडेला गोलाई देण्यात जातो.

आता पैशाकडे येते. इथे घरकामाचा खर्च मनातल्या मनात धानातच मोजला जातो, आणि मला तो हिशेब फार प्रामाणिक वाटतो. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने लाखभर रुपयांचं स्वयंपाकघर म्हणजे बेचाळीस क्विंटलांहून थोडं जास्त धान. एकरी पंधरा-अठरा क्विंटल धरले तर सुमारे अडीच एकरांचं सबंध पीक, आणि तेही नांगरणी, रोवणी, खत, कापणी, मळणी यांतलं काहीही वजा न करता. ग्रॅनाइटच्या दुकानात "अजून वीस हजार टाका, इटालियन लुक येईल" असं कोणी म्हणालं की मी शेतकऱ्याला तिथेच सांगते, वीस हजार म्हणजे साडेआठ क्विंटल.

शिवाय हा पैसा हाती येण्याची वेळ आणि काम करण्याची वेळ जुळत नाही. सगळ्यांना स्वयंपाकघर दिवाळीच्या आत हवं असतं. पण १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी असते. त्या काळात जी रेती मिळते ती आधी साठवलेली, चढ्या भावाची. एका खोलीच्या दुरुस्तीला ब्रास-दीड ब्रास रेती पुरते, पण ट्रॅक्टरवाला फेरी अर्धी भरून येत नाही. २०२५ च्या रेती धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत ठेवली आहे, ते चांगलंच झालं. जुनं घर दुरुस्त करणाऱ्याला मात्र बाजाराचाच भाव. ऑक्टोबर उजाडला की हलका धान कापणीला येतो आणि मिस्त्री, कुली, रेजा सगळे बांधीत उतरतात. त्यांचंही शेत असतं, त्यांना दोष कसा द्यायचा? अर्धवट तोडलेली भिंत तशीच राहते. नोव्हेंबर-डिसेंबरात धान खरेदी केंद्रावर जातो आणि चुकारा खात्यात जमा होईपर्यंत कधी कधी संक्रांत येते. त्यामुळे दवनीवाड्यात स्वयंपाकघर पाडायचा खरा मुहूर्त जानेवारीच्या मध्यानंतर. तेव्हा पैसा हाती असतो, रेती असते, हवा कोरडी असते. उन्हाळी धानाची कापणी आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आत काम उरकतं. दिवाळीसाठी घाई करणारी घरं त्याच कामाला जास्त मोजतात आणि ऐन सणात अंगणात स्वयंपाक करतात.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा बरेच फोन आले की आता काम स्वस्त होईल का. करासकट ३५० रुपयांना मिळणारं पोतं धरा. त्यात साधारण ७७ रुपये कर होता, तो ४९ वर येतो. पोत्यामागे २७-२८ रुपये वाचतात. एका स्वयंपाकघराला फार तर पंधरा-वीस पोती लागतात, म्हणजे बचत पाचशेच्या आसपास. घर नव्याने बांधणाऱ्याला हा फरक जाणवेल, ओटा करणाऱ्याला नाही. त्याचा पैसा सिमेंटमध्ये जातच नाही.

तो जातो कोटेशनच्या न लिहिलेल्या ओळींमध्ये. ग्रॅनाइटचा भाव चौरस फुटाने सांगतात, पण पैसे लागतात पूर्ण पाटीचे. तुमचा ओटा दहा फुटांचा आणि पाटी साडेनऊची निघाली तर दुसरी कापावी लागते आणि उरलेला तुकडा तुमच्याच अंगणात पडतो. कडेची मोल्डिंग रनिंग फुटाने वेगळी, सिंकचं भोक वेगळं, गाडीभाडं वेगळं, उतरवण्याची हमाली वेगळी. मजुरीचा ठेका ठरतो तेव्हा जुनी फरशी फोडणं आणि मलबा उचलणं त्यात आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. त्यातूनच भांडणं होतात. माझा नियम एकच: तोडफोडीपासून शेवटच्या झाडलोटीपर्यंत जे जे होणार ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि जे लिहिलेलं नाही त्याचा भाव काम थांबवून आधी ठरवायचा.

भिंत उघडल्यावर जे निघतं त्याचा अंदाज मात्र अनुभवानेच येतो. जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर धरत नाही. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती अडवतं. दोन पावसाळ्यांत टाइल्ससकट पापुद्रा सुटतो. त्यावर मिस्त्री खिळे ठोकून कोंबडीजाळी लावतात. तेवढ्याने वेळ निभावते, भिंत सुधारत नाही. मी अशा घरात ओटा भिंतीत घुसवतच नाही. तो स्वतःच्या विटांच्या पायांवर उभा करते आणि भिंतीला पूर्वीसारखा मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा ठेवते. पाण्याची नळी आणि वायर भिंतीवरून उघडी नेते. दिसायला ते कमी सुबक असतं, पण दुरुस्तीला भिंत फोडावी लागत नाही.

सिंकचं पाणी कुठे जाणार, हाही असाच विसरलेला प्रश्न. गावात भुयारी गटार नाही. पाइप भिंतीपलीकडे काढून सोडला की मागे चिखल आणि डास. शोषखड्डा आधी खणायचा, सिंक नंतर बसवायचं. आणि तांदूळ धुतलेलं पाणी, भाताची पेज, हे आमच्याकडे गटारात टाकत नाहीत, ते गुराच्या बादलीत जातं. म्हणून सिंकशेजारी बादलीची जागा सोडलेली असावी. शहरातल्या कुठल्याही तयार नकाशात ही बादली नसते.

उंचीबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. तयार मापाचा ओटा ३४ इंचांचा येतो. आमच्याकडच्या पुष्कळ बाया पाच फुटांच्या आत-बाहेर. त्यावर शेगडीचे पाच-सहा इंच, त्यावर गंज. भात ढवळायला हात खांद्याच्या वर जातो. बाई पाटावर उभी राहून स्वयंपाक करते आणि घरचे म्हणतात सवय होईल. सवय नाही होत, खांदा दुखतो. शेगडीचा भाग पाच-सहा इंच खाली घेतला की प्रश्न सुटतो, आणि त्याला जादा पैसा जवळजवळ लागत नाही. पावशी घेऊन बसायला, पाटा-वरवंटा ठेवायला जमिनीवर मोकळी जागाही हवी.

मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, तेव्हा बाईची पावलं आणि हालचाली मोजल्या, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची ती खोली सुमारे दहा हजार घरांत बसवली गेली. आजचं मॉड्युलर किचन तिचंच वंशज आहे. मला त्या बाईंविषयी अपार आदर आहे. पण ती खोली एकट्या बाईसाठी होती. दवनीवाड्यात सासू-सून दोघी एकाच वेळी रांधतात, तिसरी कोणी दारात बसून भाजी निवडते. म्हणून त्यांचं माप उचलू नये, मोजण्याची त्यांची पद्धत उचलावी. मी नकाशा काढण्याआधी एका सकाळचा स्वयंपाक बसून पाहते, कोण कुठून काय उचलतं ते लिहून घेते. प्लायच्या ट्रॉल्यांबद्दल एवढंच सांगते की धान साठवणाऱ्या घरात त्यांच्यामागे उंदीर घर करतात. कडप्प्याचे उघडे कप्पे स्वस्त आणि झाडता येण्यासारखे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्या रकमेत ग्रॅनाइट बसणार नाही आणि बसवूही नये. पण त्या जागेत धुराड्याची एक चूल, कमी उंचीचा एक ओटा, समोरासमोर दोन झरोके आणि बाहेर शोषखड्डा एवढं नक्की बसतं. गोंदिया जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या घरकुलाच्या नमुना नकाशावर स्लॅबमधलं चार इंची भोक आधीच आखून द्यावं, अशी माझी मागणी आहे. स्लॅब ओतताना ते ठेवायला खर्च शून्य. ओतल्यानंतर पाडायला ड्रिलवाला बोलवावा लागतो, सळई कापली जाते आणि त्याच भोकातून पाऊस गळतो.