दाब, सोड

डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. सर्व्हिस सेंटरने अख्खं युनिट बदलायला सांगितलं. आकडा ऐकून मी गाडी सरळ आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला आणि म्हणाले, "ताई, ब्रेक लागतायत तुमचे. त्यांचं डोकं बंद पडलंय. काढून बघू."

ते डोकं बघायला मी तिथंच स्टूल ओढून बसले.

माझा पहिला ब्रेक सायकलचा. हँडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांड्या आणि रिमला घासणारे रबराचे ठोकळे. पावसात रिम ओली झाली की तो नावापुरता उरायचा. मग चपला रस्त्याला टेकवायच्या. रबराआधी टाचा झिजायच्या आणि आईची बोलणी वेगळीच.

दुसरा ब्रेक एसटीचा, म्हणजे ड्रायव्हरकाकांचा. पसरणी घाटातून वाईकडे उतरताना लायनर तापल्याचा करपट वास खिडकीतून आत यायचा. बाबा शेजारी बसून सांगायचे, "ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. सगळा भार ब्रेकवर टाकायचा नाही."

तिसरा बाबांच्या स्कूटरचा, उजव्या पायाखालचा. जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर तेलाचा तवंग, समोर अचानक म्हैस. मी पाय गच्च दाबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि स्कूटर माझ्यासकट आडवी. बाबा धावत आले, आधी मला उठवलं, मग स्कूटर. गुडघ्यावरचा चिखल पुसत म्हणाले, "अगं, ब्रेक दाबून धरायचा नसतो. दाब, सोड. दाब, सोड. चाक फिरत राहिलं तरच गाडी तुझं ऐकते."

मिस्त्रींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. मग ब्रशने धूळ झाडली, कारण एक कण आत गेला तरी भारी पडतो. बोनेटखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्यातून चाकांकडे गेलेल्या ब्रेक ऑइलच्या नळ्या, आणि त्याला चिकटलेली काळी प्लास्टिकची डबी. जाड कनेक्टरची कडी उघडली, चांदणीच्या खाचेचे स्क्रू एकेक काढले. नळ्यांना हात लावला नाही, त्यामुळे नंतर हवा काढायचं काम वाचलं. मग त्यांनी श्वास रोखून डबी सरळ ओढली. जराही तिरकी नाही. मागे ठोकळ्यावर व्हॉल्व्हची टोकं उभी होती, शिवणाच्या टोपणांसारखी. डबीतल्या तांब्याच्या कॉइल त्यांच्यावरच बसतात. अचानक ब्रेक लागून चाक अडकू लागलं की सेन्सर खबर देतो, डबी कॉइलला वीज देते, व्हॉल्व्ह क्षणभर दाब सोडतो नि पुन्हा धरतो. सेकंदात अनेक वेळा.

म्हणजे दाब, सोड.

१९७८ साली बॉशने हीच विद्या मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये बसवली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ती सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची विद्या पायात होती.

डबीतल्या सोल्डरच्या एका डागाला केसाएवढी चीर गेली होती. इंजिनची उष्णता आणि वर्षानुवर्षांचे हादरे. सर्किटचं काम करणाऱ्याने डाग पुन्हा भरला, चौथ्या दिवशी डबी जागेवर बसली, दिवा विझला.

परवा बाबांना घेऊन पाचगणीहून उतरत होते. त्यांनी ऐंशी ओलांडली, गाडी चालवणं कधीच सोडलं. डबीची गोष्ट मी रंगवून सांगितली. ते "हं" म्हणाले. लक्ष वळणावर होतं. वळण आलं की त्यांचा उजवा पाय पुढे सरकायचा, चटईवर टेकायचा, उचलला जायचा, पुन्हा टेकायचा. त्या बाजूला पेडल नाही.

घरी आल्यावर चटया झाडायला काढल्या. डावीकडची चटई एकाच जागी, तळव्याएवढी, गुळगुळीत झाली आहे.