पोचा पडलेला प्याला

महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री मी पाव किलो काळ्या मनुका निवडायला घेते. देठ काढायचे, दोनदा कोमट पाण्यातून धुवायच्या आणि लिटरभर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळपर्यंत त्या बोटाच्या पेराएवढ्या फुगतात. मग मंद आचेवर वीस मिनिटं. पाणी आधी तांबूस होतं, मग गडद. कोमट झालं की हातानं कुस्करायचं, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं, पुन्हा एकदा गाळायचं. सुरतेच्या बमरोलीतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीच्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस तो हा. गुजरातेत दारूबंदी आहे. धर्मविधीसाठी परवान्याची सोय कायद्यात आहे, पण तीस-चाळीस माणसांच्या मंडळीनं त्या कागदांच्या मागे कशाला लागायचं? आणि आमच्या नगर जिल्ह्यातही असाच मनुकांचा रस होता. फडकं पिळताना मनगटापर्यंत जांभळा ओघळ येतो, तो आईच्या हातावर मी लहानपणापासून पाहिला आहे.

ह्या मनुकांमागेही एक कथा आहे. अमेरिकेत व्हाइनलँड नावाच्या गावी थॉमस वेल्च नावाचे एक दंतवैद्य होते, मेथडिस्ट मंडळीतले. प्रभूच्या मेजावर दारू नको, असं त्यांच्या मनानं घेतलं. १८६९ साली त्यांनी द्राक्षांचा रस बाटलीत भरून अशा तऱ्हेनं तापवला की तो आंबेना. तिकडून आलेल्या मिशनरींमध्ये दारू वर्ज्य मानणारे पुष्कळ होते. नेवासे तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात ताजी द्राक्षं कुठून मिळणार, म्हणून मनुका.

तिथल्या देवळात प्याला एकच होता. देऊळच म्हणायचो आम्ही, चर्च हा शब्द नंतर आला. वीतभर उंचीचा, चांदीचं पाणी दिलेला, बूड पसरट. काठापासून दोन बोटं खाली एक पोचा होता. कधी कुणाच्या हातून पडला ते कुणाला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेब प्रत्येकानंतर पांढऱ्या रुमालानं काठ पुसायचे आणि प्याला किंचित फिरवायचे. पोचा समोर आला की एक फेरा पूर्ण झाला, असं मी शेवटच्या बाकावर बसून मोजायची. बाप्तिस्मा पाळण्यातच झाला होता, पण प्याला मिळायला दृढीकरण व्हावं लागे. तोवर नुसतं बघायचं. १९७२ च्या दुष्काळात ताटलीतली भाकरसुद्धा तांबडी होती, रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीची. त्या रविवारी आजीनं तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ तोंडात घातला नाही, एवढं मला आठवतं.

आजीकडून ऐकलेली गोष्ट मात्र त्याहून जुनी. आमची मंडळी बहुतेक महारवाड्यातून आलेली. मांगवाड्यातली चार घरं मागाहून आली. बाप्तिस्मा झाला, नावं वहीत चढली, सगळं झालं. पण प्रभुभोजनाच्या दिवशी प्याला त्यांच्याकडून आमच्या बायकांकडे आला, तेव्हा दोघीतिघींनी पदर पुढे ओढला आणि प्याला तसाच पुढे सरकू दिला. एकमेकींत पाणी चालत नव्हतं, तर प्याला कसा चालणार? मग पाळकांच्या बायकोनं आपली जागा सोडली. ती त्या चार घरांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या उजव्या हाताला जाऊन बसली आणि पुढे दर महिन्याला तिथंच बसत राहिली. आजी सांगायची, पदर मागे सरकायला वर्ष लागलं. एक वर्ष! एका घोटासाठी.

हे वर्ष मला थोडं वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना कळेल. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंना त्या पाण्यापर्यंत पोचायला आणखी पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत त्यांना खरी झुंज द्यावी लागली ती सोवळ्याशी, दुसऱ्याच्या हातच्या पाण्याशी. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा ठेवली. संस्काराचं मोल स्वतःच्या संसारात मोजलेल्या माणसानं हे करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आईचं माहेर मुक्तिफौजेतलं, म्हणजे साल्व्हेशन आर्मीतलं. मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत उतरली आणि नगर जिल्ह्यात चांगली रुजली. पण त्यांच्याकडे बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. फौजेचे संस्थापक जनरल बूथ यांनी १८८३ मध्येच हे विधी बाजूला ठेवले. माणसं विधीला धरून बसतात आणि ज्याच्यासाठी विधी आहे त्याला विसरतात, अशी त्यांना भीती होती. तेव्हा आई एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या मंडळीत यायची, तर आधी तिचा बाप्तिस्मा करावा लागला, लग्नाच्या आदल्या रविवारी. आजोबा, म्हणजे आईचे वडील, फौजेचा लाल सदरा घालून पहिल्या बाकावर बसले होते म्हणे. घरी आल्यावर एवढंच बोलले, की आपल्या घरात रोजची भाकर त्याचं नाव घेऊनच मोडली जाते, हे तिकडे गेल्यावर विसरू नकोस. आई विसरली नाही. ती प्याला घ्यायची, पण घरातल्या पहिल्या भाकरीवरही तसाच हात ठेवायची. दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही.

लग्नानंतर मी बमरोलीत आले. ह्यांचं काम लूमच्या खात्यात, सात ते सात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची, धागे कापायची, नगावर पैसे. खोलीच्या भिंतीला कान लावला नाही तरी पलीकडच्या लूमची खटखट ऐकू यायची. माणसं कुठकुठली! ओडिशाची, उत्तर प्रदेशची, खानदेशातली अहिराणी बोलणारी, तापीच्या रेल्वेनं आलेली नवापूरकडची मावची कुटुंबं. खात्यात पाण्याच्या टाकीला साखळीनं बांधलेला स्टीलचा एक पेला असे. सगळी पाळी त्याच पेल्यानं पाणी प्यायची. हे मला सांगायचे, की घशात सुताचा भुगा बसला की पेल्याला आधी कोण प्यायलं हे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या आजीच्या गावाला जे शिकायला वर्ष लागलं, ते इथं बारा तासांच्या पाळीनं आधीच शिकवून ठेवलं होतं.

सुरतेत ख्रिस्ती मंडळी आमच्या कितीतरी आधीची. लंडन मिशनचे लोक १८१५ मध्ये इथं आले, पुढे आयर्लंडचे प्रेस्बिटेरियन. त्यामुळे शहरातल्या उपासना गुजरातीत. पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धं कळलं नाही, पण प्रभुभोजनाला अडले नाही. बाप्तिस्मा तोच, प्रभुभोजन तेच, प्याल्याचा फक्त प्यालो झालेला. भाकरीला मात्र ते रोटली म्हणतात. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणीच्या शास्त्रात रोटी आहे आणि प्याल्याला कटोरा. जो तो आपल्या चुलीवरचा शब्द घेऊन मेजावर आला आहे, हे मला फार आवडतं.

व्याऱ्याकडची एक मैत्रीण इथंच भेटली. तिचे आजी-आजोबा ब्रदरन मंडळीतले. त्यांच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुतात, पंचा कमरेला बांधून, घंगाळ पुढे सरकवत. मग सगळे एकत्र जेवतात आणि मग भाकर आणि प्याला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा ब्रदरनही त्यात आले. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालणारे आणि जाणत्या माणसालाच पाण्यात बुडवणारे एका छपराखाली आले आणि दोन्ही बाप्तिस्मे खरे मानायचे ठरले. केवढी मोठी गोष्ट ही! आपल्याकडे तिचं कौतुक पुरेसं झालेलं नाही. वसईचे कॅथलिक सात संस्कार मानतात, १५४७ मध्ये त्रेंतच्या परिषदेनं ते कायम केले. आम्ही दोन मानतो. मुक्तिफौज एकही नाही. लॅटिनमध्ये ‘साक्रामेंतुम’ म्हणजे शिपायानं घेतलेली शपथ. सातांची असो की दोनांची, शपथ एकट्यानं मनातल्या मनात घेत नाहीत. समोर कुणी लागतं.

आणि प्याल्यासाठी तर लढाया झाल्या आहेत. युरोपात शतकानुशतकं सामान्य माणसाला फक्त भाकर मिळे, प्याला पुरोहितापुरता. बोहेमियाचे धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये जाळल्यावर त्यांच्या माणसांनी प्याला सर्वांना मिळालाच पाहिजे म्हणून शस्त्रं उचलली आणि प्याल्याचंच चित्र आपल्या निशाणावर घेतलं.

बमरोलीत आमची घरसभा सुरू झाली तेव्हा गावच्या मंडळीच्या पंचांनी तो पोचा पडलेला प्याला आम्हाला दिला. तिकडे नवा आला होता. आईनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून एस.टी.तून मांडीवर आणला. उपासना दुपारी चारला, म्हणजे रातपाळीवाले झोप काढून येतील आणि सातच्या आत खात्यावर पोचतील. पाळकसाहेब शहरातून स्कूटरवर यायचे. खोलीत सतरंजी, स्टुलावर पांढरं कापड, त्यावर प्याला. मावची भाऊ, खानदेशी वहिनी, आम्ही नगरची. पोचा फिरत फिरत समोर यायचा.

मग १९९४ चा सप्टेंबर. प्लेग आला, असा बोभाटा झाला आणि दोन दिवसांत सुरत रिकामी व्हायला लागली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी रांगा, तोंडाला रुमाल, गाड्यांच्या टपावर माणसं. आम्हीही नंदुरबारच्या गाडीत चढलो. परत आलो तेव्हा आमच्या पंचांनी एक ॲल्युमिनियमचा ट्रे आणि काचेचे चाळीस पेले आणून ठेवले होते, बोटाएवढे. अमेरिकेत १८९० च्या दशकातच रोगाच्या धास्तीनं असे वेगळे पेले निघाले. आमच्यापर्यंत यायला शंभर वर्षं लागली. प्याला माझ्या कपाटात गेला.

मला वाईट वाटलं. पण ट्रे पहिल्यांदा फिरला त्याच रविवारी एक गोष्ट झाली. ह्यांच्या खात्यातला एक सोबती दोन वर्षं उपासनेला येई, दाराजवळ बसे आणि प्याला आला की मान हलवून पुढे जाऊ देई. आम्हाला वाटे, मनात काही राग असेल. त्याला क्षय होता. औषध चालू होतं, पण आपला ओठ लागलेला प्याला दुसऱ्याला नको, म्हणून तो दोन वर्षं उपाशी बसला होता. त्या दिवशी ट्रे त्याच्यापुढे गेला तेव्हा त्यानं पेला उचलला. तो रिकामा झाल्यावरही त्यानं कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवला होता. ट्रे गोळा करताना मला त्याची मूठ सोडवून घ्यावी लागली.

त्यामुळे पेल्यांविरुद्ध मी बोलू शकत नाही. पण चाळीस पेले धुताना दर वेळी जाणवतं, की आता कुणी कुणाला काही देत नाही. जो तो आपापला उचलतो, आपापला पितो. आजीच्या गावात असे पेले असते, तर त्या दोघीतिघींना पदर ओढावाच लागला नसता, आणि मागे सारावाही लागला नसता.

२०२० मध्ये कोरोनात तर तेही थांबलं. मोबाइलवर उपासना, ज्याच्या त्याच्या घरी आपली वाटी, आपला पोळीचा तुकडा. हे प्रभुभोजन खरं की नाही, यावर पाळकांमध्ये मतं दोन. आई म्हणाली, माझ्या बाबांनी हे कधीच सांगून ठेवलंय. आणि तिनं पोळी मोडली.

ती गेली त्याच्या आठ दिवस आधी पाळकसाहेब घरी आले. तिला गिळता येत नव्हतं. मी कपाटातून जुना प्याला काढला, राखेनं घासला. पाळकसाहेबांनी भाकरीचा एवढासा तुकडा रसात बुडवून तिच्या जिभेवर ठेवला. मग त्याच प्याल्यात बुडवून आम्हा दोघांना, मग शेजारच्या ओडिया बाईला, जी आईचं अंग पुसायला रोज येत होती आणि तीही बाप्तिस्मा घेतलेली निघाली. चौघं, एक प्याला, कुणाचा ओठ काठाला लागला नाही आणि कुणी वगळलं गेलं नाही.

असं बुडवून देणं काही नवं नाही, कितीतरी मंडळ्यांत ते चालतं. ट्रे बंद करा असं मी म्हणत नाही. पण मेजावर प्याला एकच असावा आणि भाकर त्यात बुडवून एकानं दुसऱ्याच्या हातावर ठेवावी. क्षयवालाही येईल आणि देणारा-घेणाराही समोरासमोर राहील. येत्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक आहे. तिथं मी हे मांडणार आहे. प्याला घासून ठेवला आहे, मनुका आणल्या आहेत.